खोरं वाचायचं कसं? वाईच्या कृष्णाकाठी नकाशा, छेद आणि थोडी पायपीट

सातमाळा-अजिंठा, हरिश्चंद्र-बालाघाट, शंभू महादेव. शाळेत ही नावं आपण सगळ्यांनी एका दमात म्हणून दाखवलेली आहेत. तापी आणि गोदावरीच्या मधे पहिली रांग, गोदावरी आणि भीमेच्या मधे दुसरी, भीमा आणि कृष्णेच्या मधे तिसरी. उत्तर बरोबर येतं, गुण मिळतात, पण समजुतीची सुरुवात चुकीच्या टोकाने होते. वाटतं की आधी डोंगर होते आणि त्यांच्यामधल्या जागेतून नद्या वाहू लागल्या. दख्खनवर घडलंय ते बरोबर उलटं. आधी होतं एक सलग पठार. नद्यांनी ते कोरत नेलं आणि कोरून जे शिल्लक राहिलं त्याला आपण डोंगररांग म्हणतो.

हे कुणी सांगितलं म्हणून मानण्याची गरज नाही. एक नकाशा, आलेखाचा कागद, पट्टी, रंगीत पेन्सिली आणि सुट्टीचे एक-दोन दिवस एवढ्यावर ते स्वतः तपासता येतं. इथे उदाहरण घेतलंय कृष्णेच्या वरच्या खोऱ्याचं, महाबळेश्वर-पाचगणी-वाई-मेढा या पट्ट्याचं. पुण्या-मुंबईहून जायला सोपं आणि दाखवण्यासारखं सगळं तीस-चाळीस किलोमीटरच्या आत. पद्धत मात्र तुमच्या गावच्या ओढ्यालाही तशीच लागू पडेल.

आधी खडकाची ओळख

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या लांबलचक भेगांतून लाव्हा बाहेर येत राहिला. शंकूच्या आकाराचे ज्वालामुखी डोळ्यांसमोर आणू नका. लाव्हा पसरत गेला, थिजून बेसाल्ट नावाचा खडक झाला, काही काळाने त्यावर पुढचा थर आला. भाकरीच्या चवडीसारखे हे आडवे थर साचले. आज त्यातला सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरचा भाग उरलाय आणि सह्याद्रीच्या बाजूला त्याची जाडी दीड-दोन किलोमीटरच्या घरात आहे.

सगळे थर सारखे कणखर नाहीत, आणि पुढचं सगळं या एका गोष्टीवर उभं आहे. विहिरी खोदणारे लोक दोन खडक लगेच वेगळे ओळखतात. एक काळा पाषाण: घट्ट, घणाला दाद न देणारा, उभ्या भेगांनी चिरलेला. दुसरा मांजऱ्या: वायूच्या बुडबुड्यांनी भोकं पडलेला, त्या भोकांत पांढरे-हिरवे खडे भरलेला, हवा-पाण्याने लवकर भुसभुशीत होणारा. पाषाण झिजतो तेव्हा उभ्या भेगेवरून मोठी शिळा सुटून पडते, म्हणून तिथे कडा राहतो. मांजऱ्या झिजतो तेव्हा कणाकणाने ढासळतो, म्हणून तिथे उतार होतो. कडा, उतार, कडा, उतार, अशा सह्याद्रीच्या पायऱ्या यातून आल्या. काही थरांच्या मधे लालसर मातीचा पट्टा दिसतो. दोन उद्रेकांच्या मधल्या काळात वरचा थर कुजून माती झाली, आणि पुढच्या लाव्हाने ती भाजून काढली.

आणखी एक गोष्ट मनात धरा: हे पठार पश्चिमेकडे उचललेलं आणि पूर्वेकडे कललेलं आहे. म्हणून त्र्यंबकेश्वरला समुद्रापासून जेमतेम ८० किलोमीटरवर उगम पावणारी गोदावरी पाठ फिरवून १,४६५ किलोमीटर पूर्वेला जाते आणि महाबळेश्वरची कृष्णाही १,४०० किलोमीटरची वाट धरते.

नकाशा मिळवा आणि पाणी रंगवा

भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० प्रमाणाचे स्थलदर्शक नकाशे यासाठी सगळ्यात बरे. खात्याच्या संकेतस्थळावर नोंदणी करून ते उतरवून घेता येतात. जुन्या क्रमांकाप्रमाणे महाबळेश्वर ४७ जी/९ वर आणि पाचगणी, वाई, मेढा ४७ जी/१३ वर. या प्रमाणात कागदावरचा एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे ५०० मीटर, आणि तपकिरी समोच्च रेषा (सारख्या उंचीची ठिकाणं जोडणाऱ्या) दर २० मीटरला. दर पाचवी रेघ जाड. मोबाइलवरचे उपग्रह-नकाशे सोबत ठेवा, पण सुरुवात त्यांनी करू नका. त्यात हिरवं आणि करडं दिसतं, उंची दिसत नाही.

मोठ्या आकारात छापून घ्या. निळ्या पेन्सिलीने कृष्णा रंगवा, मग तिला मिळणारी प्रत्येक उपनदी, मग तिचे ओढे, थेट रेघ संपेपर्यंत. नकाशावर बरेचसे ओढे काळ्या रेघेने दाखवलेले असतात. ते पावसाळ्यानंतर कोरडे पडणारे. नवखे लोक त्यांना पायवाट समजून सोडून देतात. सोडू नका, खोऱ्याचं खरं जाळं त्यांनीच विणलेलं आहे.

सगळं निळं झालं की दोन शेजारच्या खोऱ्यांच्या मधे एक कोरी पट्टी उरते. तिथून तपकिरी पेन्सिलीने रेघ ओढत जा, एकाही ओढ्याला न ओलांडता. हा जलविभाजक. कृष्णेच्या दक्षिणेला पसरणी-पाचगणीचा डोंगर, त्यापलीकडे कुडाळी नदी, मग पुन्हा डोंगर, मग वेण्णा. एकही ओढा न ओलांडता निघालेली ही रेघ हीच तुमची डोंगररांग. डोंगर शोधायला न जाता तो सापडला.

आता जरा लांबून बघा. कृष्णेला उजव्या हाताने कोण मिळतं? कुडाळी, माहुलीला वेण्णा, पुढे उरमोडी, उंब्रजला तारळी, कराडला कोयना. डावीकडून सांगलीच्या अलीकडे येरळा येईपर्यंत मोठं नाव नाही; वसना वगैरे लहान नद्या. उजव्या बाजूच्या नद्या पावसाच्या घाटमाथ्यावरून येतात, डाव्या बाजूच्या कोरेगाव-खटावच्या कोरड्या माळावरून. नुसती रेघांची दाटी पाहून पाऊस कुठे पडतो हे सांगता येतं.

छेद: या लेखातलं सगळ्यात महत्त्वाचं काम

वेळ कमी असेल तर बाकी काही करू नका, पण हे करा. छेद म्हणजे एका रेघेवर जमीन उभी कापली तर ती बाजूने कशी दिसेल त्याचं चित्र.

पांडवगड किल्ल्यापासून दक्षिणेला मेढ्यापर्यंत नकाशावर पट्टीने सरळ रेघ मारा. अंतर साधारण वीस किलोमीटर, म्हणजे कागदावर चाळीस सेंटिमीटर. एका लांब कागदाची कड त्या रेघेला लावा आणि जिथे जाड समोच्च रेषा कड ओलांडते तिथे खूण करून उंची लिहा. नदी, रस्ता, गाव यांच्याही खुणा करा. मग आलेखाच्या कागदावर ही कड आडवी ठेवून प्रत्येक खुणेवर तेवढ्या उंचीचा बिंदू द्या आणि बिंदू जोडा.

उभं प्रमाण निवडताना लोक अडतात. आडव्याइतकंच उभं प्रमाण घेतलंत तर सहाशे मीटरचा फरक कागदावर सव्वा सेंटिमीटर होईल, डोंगर दिसणारच नाही. एक सेंटिमीटरला १०० मीटर घ्या. उंची पाच पट फुगवली जाते, तेवढं कोपऱ्यात लिहून ठेवा. नाहीतर वर्षभराने तोच कागद पाहून उतार खरोखर इतका उभा आहे असं वाटेल.

रेघ पुरी झाली की पट्टी आडवी धरून माथे बघा. पांडवगड साधारण १,२७० मीटर. मधे कृष्णेचं पात्र ७०० मीटरच्या आसपास. पलीकडे पाचगणीचा माथा १,३००च्या जवळपास. सहाशे मीटर खोल आणि कित्येक किलोमीटर रुंद दरी, आणि दोन्ही काठांची उंची जवळजवळ सारखी. वैराटगड १,२००, कमळगड १,३७५ च्या घरात. हे वेगवेगळे डोंगर वेगवेगळ्या वेळी जमिनीतून वर आले असते तर सगळे एकाच पातळीला येऊन थांबले नसते. माथ्यांना जोडणारी एक तुटक रेघ काढा: ती जुन्या पठाराची पातळी. तुटक रेघ आणि पक्की रेघ यांच्यामधला सगळा ऐवज कृष्णा, कुडाळी आणि वेण्णेने वाहून नेलेला आहे.

अजून एक तपशील. उतारावर मधेच रेषा विरळ होतात, मग पुन्हा दाट. म्हणजे मधे सपाट पडवी आहे. तिथे पेन्सिलीने बाण करा. या पडव्यांवर बहुधा एखादी वाडी किंवा धनगरांची वस्ती सापडते, कारण पडवीच्या मागच्या बाजूला झरा असतो. का, ते घाटात गेल्यावर कळेल.

पसरणी घाटात

वाईहून पाचगणीला जाणारा पसरणी घाट म्हणजे उघडं पुस्तक. पावसाळ्यात मात्र हे काम नको. दरड येते, धुक्यात गाड्या दिसत नाहीत. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये झरे वाहते असतात, फेब्रुवारी-मार्चमध्ये गवत वाळल्याने खडक मोकळा दिसतो. झऱ्यांसाठी पहिला काळ, थरांसाठी दुसरा. गाडी रुंद जागी बाजूला लावा आणि रस्ता खोदताना उघड्या पडलेल्या भिंतीपाशी थोडं थांबा.

खालून वर जाताना प्रत्येक वळणावर तीन गोष्टी लिहा: मोबाइलवर दिसणारी उंची, भिंत उभी आहे की कललेली, आणि खडक भोकाळ आहे की घट्ट. पाषाणाच्या भिंतीत उभ्या भेगा दिसतील. मांजऱ्याच्या भिंतीवर नख फिरवलं तर चुरा हाताला लागतो, आणि पायथ्याशी त्याचा बारीक मुरूम साचलेला असतो. लाल पट्टा दिसला तर त्याच्या वरच्या कडेला हात लावून बघा. बऱ्याचदा तिथे ओल असते, शेवाळ असतं, पाणी टिपकत असतं. भेगांतून खाली आलेलं पाणी लाल मातीच्या चिकट थरापाशी अडतं आणि आडवं बाहेर पडतं. तुमच्या छेदावरच्या पडव्या आणि झरे एका रांगेत का येतात याचं उत्तर या ओलीत आहे. किल्ले बांधणाऱ्यांना हे नेमकं ठाऊक होतं: कडा तासायला नको, तो आयताच मिळतो, आणि टाकं खोदायला कुठला थर बरा हेही हाताखालून गेलेलं.

पाचगणीच्या कड्यावरून उत्तरेला बघितलं की खाली धोम धरणाचं पाणी पसरलेलं दिसतं. त्यात घुसलेल्या डोंगरसोंडा एकाआड एक येतात, डावीकडून एक, उजवीकडून एक. नदी अजून वर असताना ज्या वळणांनी वाहत होती त्यांची ही उरलेली आठवण.

माथ्यावरचा सडा

टेबललँडवर घोडागाड्या आणि भेळेच्या गाड्यांपासून जरा लांब, कडेला जा. इथला खडक काळा नाही, तांबडा, जाळीदार, भाजलेल्या विटेसारखा खरखरीत. हा जांभा. उष्ण आणि भरपूर पावसाच्या हवेत बेसाल्टमधलं विरघळणारं सगळं धुऊन गेलं आणि लोह व ॲल्युमिनिअमचा अंश मागे राहून घट्ट झाला. त्याचं कवच टणक, म्हणून पठाराची कड तासल्यासारखी उभी राहते. कवचाखालचा कुजलेला भाग मऊ असल्यामुळे कडेखाली कपारी आणि गुहा होतात, मग आधार गेलेला जांभ्याचा तुकडा कोसळतो. पठार वरून झिजत नाही, कडेने कुरतडलं जातं. कमळगडावर गेलात तर कावेच्या (म्हणजे गेरूच्या) विहिरीत उतरून बघा. खाली गारवा आणि भिंतींना हात लावला की तळवा लाल.

सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या या उघड्या सपाट माथ्यावर, झाडं का नाहीत, हा प्रश्न पर्यटक हमखास विचारतात. पाऊस कमी म्हणून नव्हे. मातीची जाडी जेमतेम काही बोटं, पावसाळ्यात डबकं आणि मार्चमध्ये तवा. साताऱ्याजवळचं कास पठार याच जातीचं. जमिनीत पोषण इतकं कमी की दवबिंदू आणि सीतेची आसवं यांसारख्या वनस्पती किडे पकडून भागवतात. सात वर्षांनी फुलणारी टोपली कारवीही इथलीच. २०१२ साली पश्चिम घाटातल्या ३९ स्थळांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला त्यात कास आहे. फुलं बघायला जाणाऱ्या गर्दीतले थोडे लोक जरी वाकून खाली खडक बघतील तर बरं.

माती आणि विहिरी

आता पुन्हा छेदाचा कागद घ्या आणि माथ्यापासून नदीपर्यंत चार ठिकाणी मूठभर माती तपासा: माथा, उतार, पायथा, तळ. थोडी ओली करून अंगठा आणि तर्जनीच्या मधे दाबत पट्टी काढा. पट्टी निघतच नसेल तर वाळू-मुरूम जास्त. दोन इंचांच्या पुढे न तुटता गेली तर चिकणमाती भरपूर. माथ्यावर तांबडी, उतारावर दगडगोटे मिसळलेली बरड, पायथ्याला मिश्र, तळाशी काळी असा क्रम बहुधा मिळतो. काळी माती खोऱ्याच्या तळाशी साचते ती वरून झिजून आलेला बारीक अंश वाहत येऊन तिथे थांबतो म्हणून. उन्हाळ्यात तिला पडलेल्या भेगेत काठी घालून खोली मोजा.

शेतकऱ्यांशी बोलताना “भूजल पातळी” वगैरे विचारू नका. “विहीर किती परस? मुरूम किती लागला? सुरुंग कुठून लावावे लागले? पाणी कुठे फुटलं?” एवढंच विचारा. (परस म्हणजे पुरुषभर उंचीचं खोलीचं माप.) चार विहिरींची उत्तरं छेदाखाली उभ्या पट्ट्यांनी मांडली की जमिनीखालचे थरही दिसू लागतात. आणि शेतात काय आहे तेही लिहा. महाबळेश्वर-पाचगणीला स्ट्रॉबेरी, वाईच्या तळाला ऊस आणि हळद, कृष्णा ओलांडून पूर्वेला खटाव-माणकडे ज्वारी-बाजरी. माथा, तळ, माळ हा क्रम पिकांतही उतरलेला आहे.

पावसाचे आकडेही कागदाच्या वरच्या बाजूला लिहून टाका. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर, वाईला हजाराच्या आत, माण तालुक्यात पाचशेच्या आसपास. पश्चिमेचा उभा कडा ढगांना वर ढकलतो, तिथेच ते रिकामे होतात, आणि पूर्वेच्या उतारावर हवा खाली येताना तापून कोरडी पडते. शे-सव्वाशे किलोमीटरच्या आत जंगलापासून दुष्काळातल्या गुरांच्या छावण्यांपर्यंतचा प्रवास होतो.

नदीच्या लांबीने छेद

आतापर्यंतचा छेद नदीला आडवा होता. एक नदीच्या लांबीनेही काढा: आडव्या अक्षावर उगमापासूनचं अंतर, उभ्यावर पात्राची उंची. महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटर, वाई ७००. रस्त्याने तीस-पस्तीस किलोमीटरमध्ये साडेसहाशे मीटर उतार, म्हणजे किलोमीटरला वीस मीटर. वाईपासून सांगली रस्त्याने दीडशे किलोमीटर आणि सांगलीची उंची ५५० च्या जवळपास. किलोमीटरला जेमतेम एक मीटर, आणि नदीची वळणं धरली तर त्याहून कमी.

हा भागाकार करून झाला की सांगलीचा पूर वेगळा दिसतो. उतार संपलेल्या जागी आधीच कोयनेचं पाणी आलेलं, त्यात हरिपूरला वारणा आणि नरसोबाच्या वाडीला पंचगंगा. पुढचं पाणी हलत नाही तोवर मागचं तुंबतं. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. धरणांतून सोडलेलं पाणी, कर्नाटकातलं अलमट्टी धरण, पूररेषेतली बांधकामं यावर भांडण व्हायला हवंच, पण त्या भांडणात हा छेद कुणी टेबलावर ठेवत नाही याचं नवल वाटतं.

कोयनेचा लांबीचा छेद तर जरूर काढा. ती सह्याद्रीच्या कडेला समांतर, उत्तर-दक्षिण सुमारे ६५ किलोमीटर वाहते आणि हेळवाकला काटकोनात पूर्वेला वळते. एवढी सरळ नदी आणि एवढं चौकोनी वळण दिसलं की खडकातल्या मोठ्या भेगांचा संशय घ्यावा. धरणाची जागाही त्याच कागदावर कळते: पाणी कड्याच्या अगदी माथ्याशी, आणि पलीकडे पोफळीला कोकण कित्येकशे मीटर खाली. पूर्वेला जाणारं पाणी बोगद्यांतून पश्चिमेला सोडून १,९६० मेगावॅट क्षमतेचा प्रकल्प उभा राहिला तो या फरकावर. तेच पाणी वीज करून वाशिष्ठीत जातं.

दुसरीकडे करून बघताना

देशावरच्या बहुतेक तालुक्यांत ही पद्धत जशीच्या तशी चालते. मराठवाड्यात दऱ्या उथळ आणि रुंद मिळतील, माथे बुटके; प्रमाण एक सेंटिमीटरला ५० मीटर घ्या. निघोजला कुकडीच्या पात्रात रांजणखळगे आहेत. पाण्याने गरगर फिरवलेले गोटे खडकात भोक कसं पाडतात ते तिथे वाकून बघता येतं.

कोकणात आणि गोव्यात सडा कमी उंचीवर येतो आणि त्याखालचा छेद पायऱ्यांचा नसतो. तिथे सड्याची कड, कडेखालचा झरा आणि झऱ्याखालची बागायत एवढं नोंदवलं तरी पुष्कळ. मोपाचा विमानतळ अशाच पठारावर आहे. घाटमाथ्यावरून कोकणात उतरणाऱ्या नद्यांचा छेद काढलात तर तो उभाच्या उभा येईल. सावित्रीचा आणि कृष्णेचा छेद एका कागदावर काढून बघा, दोघींचा उगम महाबळेश्वरचाच. सावित्रीची दरी जास्त वेगाने मागे सरकतेय, म्हणजे जलविभाजक हळूहळू पूर्वेला ढकलला जातोय.

पूर्व विदर्भात मात्र गृहीतकं बदला. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीत बेसाल्ट संपतो आणि त्याहून कितीतरी जुने खडक वर येतात; सारख्या उंचीचे सपाट माथे तिथे शोधत बसू नका. खानदेशाचंही तसंच. तापी पश्चिमेला वाहते ती पठाराच्या उतारामुळे नव्हे, तर जमीन खचून तयार झालेल्या दरीतून. तिथला छेद नदीने कोरलेला कमी आणि गाळाने भरलेला जास्त. जळगावकडची केळी त्या गाळावर उभी आहेत. तिची उपनदी पूर्णा, तिच्याकाठी अकोला-अमरावती-बुलढाण्याचा खारपाणपट्टा. तिथे विहिरीची खोली विचारून झाली की पाणी गोडं की खारं तेही विचारा, आणि छेदावर गोड्या विहिरीला निळा ठिपका, खाऱ्या विहिरीला लाल द्या.